रिपेअरचं बटण दाबायच्या आधी: जनावरांच्या दवाखान्यातल्या डेटाबेसचे प्रश्न

या वेळी सदराकडे मराठवाड्यातल्या पशुवैद्यकांची आणि त्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांची पत्रं जास्त आलीत. उन्हाळ्यात लाईटची ये-जा सुरू झाली की हे प्रश्न वाढतातच. उदगीरच्या पत्राला सगळ्यात जास्त जागा दिलीय, कारण त्यात जी घाई दिसायलीय ती कुणालाही नडू शकते.

प्रश्न: सर नमस्कार. माझा उदगीरला खासगी दवाखाना आहे, कुत्री-मांजरं आणि गाई-म्हशी दोन्ही बघतो. काउंटरच्या मेन पीसीवर सॉफ्टवेअर आहे, आत तपासणीच्या खोलीत अजून एक पीसी त्यालाच जोडलाय. मागच्या आठवड्यात बिल चालू असताना लाईट गेली आणि तेव्हापासून काही जनावरांची केस उघडली की डेटाबेस इंटिग्रिटीचा (म्हणजे आतला डेटा शाबूत नसल्याचा) एरर येऊन सॉफ्टवेअर बंद पडायलंय, बाकीच्या केसेस मात्र नीट उघडतात. सपोर्टवाले फोनवर म्हणायलेत युटिलिटीत जाऊन रिपेअर दाबा, पाच मिनिटाचं काम आहे. काउंटरवरचा पोरगा दाबायला तयारच बसलाय. बॅकअप पेनड्राइव्हवर आहे पण लाईट जायच्या चार दिवस आधीचा. दाबू का?
(पशुवैद्यक, उदगीर)

उत्तर: डॉक्टर, आज दाबू नका. आणि पोरालाही नीट सांगून ठेवा, कारण हे बटण एकदा दाबलं की मागं येता येत नाही, आणि तुमच्याकडे अजून बिघडलेल्या डेटाची कॉपीसुद्धा नाही. बिघडलेल्या डेटाची कॉपी कशाला म्हणाल, तर उद्या रिपेअर चुकीचं झालं तर परत सुरुवात करायला तीच लागणार आहे, आणि त्या चार दिवसांच्या व लाईट गेल्यानंतरच्या नोंदी फक्त तिच्यातच आहेत.

तर आधी दोन्ही पीसीवरचं सॉफ्टवेअर बंद करा आणि आजच्या केसेस कागदावर घ्या, दोन दिवस कागदावर चाललं तर काही बिघडत नाही. बंद करायच्या आधी येणाऱ्या एररचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, अक्षर न् अक्षर दिसलं पाहिजे, त्यातला नंबर फार कामाचा असतो. मग सपोर्टला विचारा की तुमच्या सॉफ्टवेअरच्या आत डेटाबेस कोणता आहे. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या यादीतही नाव सापडतं: एसक्यूएल सर्व्हर, मायएसक्यूएल, फायरबर्ड असं काहीतरी. मी खाली एसक्यूएल सर्व्हर धरून सांगतो, कारण दोन-तीन पीसीवर चालणाऱ्या अशा सॉफ्टवेअरमध्ये त्याची फुकटची एक्सप्रेस आवृत्ती बऱ्याचदा असते.

डेटाबेसची सर्व्हिस व्यवस्थित स्टॉप करा आणि मग एमडीएफ (डेटाची मुख्य फाइल) आणि एलडीएफ (व्यवहारांच्या नोंदीची फाइल) या दोन्ही फाइली, शक्यतो अख्खा फोल्डरच, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. एकटी एमडीएफ घेऊन चालत नाही, लाईट गेली तेव्हा अर्धवट राहिलेल्या व्यवहारांचा हिशोब एलडीएफमध्ये असतो. आणि कुणी सांगितलं की डेटाबेस डिटॅच करून (सर्व्हरपासून सोडवून) परत अटॅच करा, तर ते अजिबात करू नका, बिघडलेला डेटाबेस एकदा डिटॅच झाला की परत अटॅच होईलच असं नसतं आणि मग आत्ता जेवढं उघडतंय तेवढंही उघडायचं नाही.

कॉपी झाली की डिस्क बघा. हे लोक नेहमी सोडून देतात आणि मला ते फार खटकतं, कारण डेटाबेस स्वतःहून क्वचितच बिघडतो, बहुतेक वेळा खालची डिस्क, रॅम नाहीतर अचानक गेलेली लाईट हेच कारण असतं. डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात, त्यात खराब सेक्टर वाढलेले दिसले तर त्याच डिस्कवर रिपेअर करण्यात काही अर्थ नाही, कारण रिपेअर म्हणजे त्याच डिस्कवर अजून लिहिणं. विंडोजचं डिस्क तपासायचं चेकडिस्कसुद्धा कॉपी काढल्यावरच चालवा, ते फाइल सिस्टीम नीट करताना फाइलीत बदल करू शकतं. एररच्या फोटोत ८२३ नंबर असेल तर विंडोजला डिस्कवरून वाचता-लिहिताच आलं नाही, ८२४ असेल तर वाचता आलं पण वाचलेलं पान चुकीचं निघालं. एसक्यूएल सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये ८२५ सापडला तर तो सगळ्यात फसवा, कारण त्यात दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात वाचन जमलेलं असतं, स्क्रीनवर काहीच दिसत नाही, पण डिस्क जायला लागल्याची ती आगाऊ सूचना असते.

आता खरी तपासणी. ती दुसऱ्या चांगल्या पीसीवर त्या कॉपीवर करा, तिथं एसक्यूएल सर्व्हरची तीच किंवा पुढची आवृत्ती टाकलेली पाहिजे. कमांड आहे डीबीसीसी चेकडीबी. रिपेअरचा पर्याय न देता चालवली तर ती फक्त वाचते, बदल काही करत नाही, त्यामुळं भिऊ नका. एसक्यूएल सर्व्हर सगळा डेटा ८ केबीच्या पानांमध्ये ठेवतो, आणि पानाची पडताळणी चालू असेल तर प्रत्येक पानावर एक चेकसम (पानावरच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असतो. चेकडीबी ही पानं, त्यांचे एकमेकांना असलेले दुवे आणि टेबल व इंडेक्स यांचा मेळ असं सगळं तपासतं. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, ती फाटली तर पुस्तक वाचून नवीन करता येते, पण पुस्तकातलं पानच फाटलं तर सूचीवरून ते पान लिहून काढता येत नाही.

म्हणून रिपोर्टमध्ये दोन गोष्टी शोधा. एक, बहुतेक एररसमोर इंडेक्स आयडी दिलेला असतो. तो २ किंवा त्याच्या पुढचा असेल तर बहुतेक वेळा फक्त सूची बिघडलीय, ती परत बांधता येते, डेटा जात नाही. ० किंवा १ असेल तर मूळ टेबलालाच मार बसलाय. दुसरी गोष्ट अगदी शेवटी, तिथं चेकडीबी स्वतःच लिहितं की या एररसाठी कमीत कमी कोणत्या पातळीचं रिपेअर लागेल. तिथं रिपेअर रीबिल्ड लिहिलं असेल तर जीव भांड्यात पडला समजा. रिपेअर अलाऊ डेटा लॉस लिहिलं असेल तर त्या नावातच सगळं आलं, डेटा गेला तरी चालेल अशी परवानगी तुम्ही देताय. ते वाईट पान सरळ काढून टाकलं जातं आणि त्या पानावर लसीकरणाच्या जितक्या नोंदी मावलेल्या असतील त्या चांगल्या-वाईट सगळ्या त्याच्यासोबत जातात. मायक्रोसॉफ्टचंही सांगणं हेच आहे की आधी चांगल्या बॅकअपवरून रिस्टोअर करा, हे रिपेअर शेवटचा उपाय म्हणून ठेवा. सपोर्टवाल्याच्या युटिलिटीतलं बटण आतून यातलं नेमकं काय चालवतं हे त्याच्याकडून लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर घेतलं तरी चालेल. त्याला सांगता येत नसेल तर बटण दाबायचं नाही.

तुमच्याकडे लाईट जायच्या चार दिवस आधीचा बॅकअप आहे, ही फार मोठी गोष्ट आहे डॉक्टर. मी तुमच्या जागी असतो तर तो बॅकअप वेगळ्या नावानं रिस्टोअर केला असता, त्यावर चेकडीबी चालवून तो निरोगी आहे का बघितलं असतं (बिघाड लाईट जायच्या आधीपासून असू शकतो, लाईट फक्त निमित्त असते), आणि मग बिघडलेल्या कॉपीमधून फक्त त्या बॅकअपनंतरच्या नोंदी काढून त्यात घातल्या असत्या. ज्या नोंदी निघणार नाहीत त्या केस पेपर आणि बिलबुकावरून हातानं भरायच्या. एक-दोन संध्याकाळी जातील, पण सगळा जुना डेटा जसाच्या तसा राहतो.

आणि समजा शेवटी रिपेअरच करावं लागलं, तर ० एरर दिसले म्हणून लगेच दवाखाना सॉफ्टवेअरवर परत आणू नका. चेकडीबी रिपेअर करताना टेबलांमधली नाती बघत नाही. जनावराची नोंद गेली आणि तिच्या लसीच्या नोंदी राहिल्या असं होऊ शकतं, मालक गेला आणि त्याची उधारी राहिली असंही. म्हणून रिपेअरनंतर डीबीसीसी चेककन्स्ट्रेंट्स ही वेगळी कमांड चालवावी लागते, ती अशा अनाथ नोंदी दाखवते. सॉफ्टवेअर बनवताना ही नाती डेटाबेसमध्ये बांधलेलीच नसतील तर तीही गप्प बसते, तेव्हा मालक नसलेली जनावरं आणि जनावर नसलेले डोस शोधायची साधी क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) सपोर्टकडून लिहून घ्या.

मग मोजणी. एकूण जनावरं किती, महिन्यागणिक लसीच्या नोंदी किती, शेवटचा बिल नंबर कोणता, मध्ये कोणते नंबर गायब आहेत, हे जुन्या बॅकअपमध्ये आणि दुरुस्त डेटाबेसमध्ये शेजारी-शेजारी ठेवून बघा. पैशाचा हिशोब लोक आपोआप तपासतात कारण तो लगेच टोचतो. पण जनावराच्या बाबतीत जिथं जीवाशी खेळ आहे तिथं आधी बघा अशी माझी कळकळीची विनंती आहे. पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या जनावराला ०, ३, ७, १४, २८ दिवसांचा कोर्स लावला असेल आणि मधल्या डोसची नोंद गेली असेल तर रिमाइंडर चुकीच्या दिवशी जाईल नाहीतर जाणारच नाही. एखाद्या इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन येते म्हणून केसवर लाल शेरा मारलेला असतो, तो गेला तर पुढच्या वेळी तेच इंजेक्शन दिलं जाईल. अँटिबायोटिक दिलेल्या गाईचं दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही ही तारीख गेली तर ते दूध कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जातं. सध्या कोर्स चालू असलेल्या जनावरांची यादी काढा आणि मालकांना फोन करून कार्डावरच्या तारखा विचारा, उदगीरसारख्या गावात अर्ध्याहून जास्त मालक तुमच्या ओळखीचेच असतील.

प्रश्न: आमच्याकडे चेक केलं की सगळं ओके येतं, एकही एरर नाही. तरी एकच गाय दोन-दोनदा दिसायलीय, एकीवर लस आहे तर दुसरीवर कृत्रिम रेतनाची नोंद. टॅग नंबर टाकून शोधलं तर कधी सापडते कधी नाही. असं काहून होत असेल?
(गोठ्यांवर जाऊन सेवा देणारे पशुवैद्यक, परभणी)

उत्तर: कारण इंटिग्रिटी चेक पानं तपासतं, गाय तपासत नाही. एकाच गाईच्या दोन नोंदी त्याच्या दृष्टीनं दोन्ही बरोबरच आहेत. हा बिघाड माणसांनी आणि एक्सेलनं मिळून केलेला असतो.

तुम्ही कधीतरी एक्सेलमधून यादी आत घेतली असणार. कानातला पिवळा टॅग १२ अंकी असतो, आणि एक्सेलच्या साध्या सेलमध्ये १२ अंक टाकले की ते त्याला मोठी संख्या समजून ई-प्लस करून छोटं दाखवतं. ती फाइल तशीच सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून सेव्ह झाली की मागचे अंक कायमचे गेले. कुत्र्यांच्या १५ अंकी मायक्रोचिपचंही हेच. नंबर भरायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट करायचा, आणि डेटाबेसमध्येही टॅग टेक्स्टच ठेवायचा, त्याची काय बेरीज करायची नसते.

दुसरं कारण टायपिंग. देवणी, देवनी आणि इंग्रजीतून लिहिलेली देवणी या कॉम्प्युटरला तीन जाती आहेत, लाल कंधारीचंही तसंच. आणि एक असं आहे की डोळ्यांना दिसतच नाही. गोऱ्हा या शब्दातला ऱ युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर सगळ्या लिपी लिहायच्या ठरलेल्या पद्धतीत) दोन प्रकारे येतो, एक तयार अक्षर म्हणून आणि दुसरा र खाली नुक्ता देऊन. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण आतले कोड वेगळे, त्यामुळं सर्च एकाला धरतो आणि दुसऱ्याला सोडतो. एका मोबाईलच्या कीबोर्डवरून एक आणि दुसऱ्यावरून दुसरा असं येऊ शकतं. आडनावात ऱ असलेल्या मालकांचं पण हेच होतं. सॉफ्टवेअरवाल्याला सांगा की सेव्ह करायच्या आधी मजकूर युनिकोडच्या एकाच ठरलेल्या रूपात आणा, एनएफसी म्हणतात त्याला, प्रोग्रामरला कळतं. जात, लिंग, गाव हे टाइप करायलाच लावू नका, यादीतून निवडायला ठेवा.

दुसरी नोंद डिलीट मात्र करू नका. डिलीट केली की तिच्याखालचं रेतन पण जाईल. मर्ज करायचं, म्हणजे सगळ्या लसी, रेतन, बिलं एका नोंदीखाली आणायची आणि मगच रिकामी झालेली नोंद बंद करायची. त्याआधी बॅकअप. आणि टॅग पडतो, गोठ्यात घासून तुटतो, नवा मारावा लागतो, म्हणून टॅगलाच गाईची ओळख करू नका, सॉफ्टवेअरचा आतला नंबर वेगळा ठेवा आणि जुने-नवे टॅग तारखेसकट त्याच्याखाली. तुमच्याकडची दुरुस्ती भारत पशुधन या सरकारी जनावर-नोंदणीवर आपोआप जात नसते, तिथली चूक तिथंच जाऊन नीट करावी लागेल.

प्रश्न: मी मॅडमच्या दवाखान्यात काउंटर बघते. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यापासून नवीन मालकांची मराठी नावं प्रश्नचिन्हं होऊन सेव्ह होतात. रिपेअर केलं, तरी तसंच.
(अंबाजोगाई)

उत्तर: ताई, हे रिपेअरनं जाणारच नाही. अपडेटनंतर नावाचा कॉलम किंवा नाव आत लिहिणारी क्वेरी युनिकोडची राहिलेली नाही, एसक्यूएल सर्व्हरमध्ये एनव्हारकारच्या जागी व्हारकार आलं की असं होतं. सपोर्टला एवढंच वाक्य सांगा. ते नीट होईपर्यंत मराठीत नवीन नाव भरू नका आणि जुनी नावं उघडून परत सेव्ह तर अजिबात करू नका, कारण प्रश्नचिन्ह म्हणून सेव्ह झालं की खाली खरंच प्रश्नचिन्हच बसतं, मूळ अक्षरं कुठंच राहत नाहीत. गेलेली नावं पावत्यांवरून परत भरावी लागतील. कुठं विचित्र रोमन अक्षरं दिसत असतील तर ती गोष्ट वेगळी, तो बहुतेक जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टचा मजकूर असतो आणि कन्व्हर्टरनं नीट होतो.

प्रश्न: डेटा फोल्डरच आम्ही क्लाउड ड्राइव्हला सिंक करून टाकलाय, म्हणजे बॅकअपचं टेन्शन नाही. बरोबर आहे ना? आणि चेक किती दिवसांनी करायचा?
(वसमत)

उत्तर: बरोबर नाही, आजच बंद करा. डेटाबेस चालू असताना फाइल क्षणाक्षणाला बदलते आणि सिंक तिचा अर्धा भाग आधीचा अर्धा नंतरचा असा उचलू शकतो. आणि फाइल बिघडली की बिघडलेलीच वर जाते. सॉफ्टवेअरच्या किंवा डेटाबेसच्या बॅकअप कमांडनं रोज रात्री बॅकअप फाइल काढा आणि ती तयार फाइल क्लाउडवर टाका, त्याला काही हरकत नाही. एसक्यूएल एक्सप्रेसमध्ये वेळापत्रक लावणारा एजंट नसतो, त्यामुळं विंडोजच्या टास्क शेड्युलरवर लावून घ्यावं लागतं, नाहीतर सगळ्यांना वाटतं बॅकअप होतोय आणि होत काहीच नसतं. एक कॉपी बाहेरच्या डिस्कवर पण ठेवा आणि ती डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा, सतत जोडलेली राहिली तर व्हायरस तिलाही खातो.

चेक आठवड्यातून एकदा, दवाखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, आणि लाईट जाऊन पीसी बंद पडला असेल तर त्याच दिवशी. बॅकअप काढायच्या आधी चेक केला तर उत्तम, म्हणजे चांगल्या बॅकअपच्या जागी बिघडलेला येऊन बसत नाही, आणि जुने काही बॅकअप ठेवतच जा. महिन्यातून एकदा दुसऱ्या पीसीवर रिस्टोअर करून दोन-चार केसेस उघडून बघा.

वसमतला लाईटची काय गत आहे ते तुम्हाला जास्त माहीत. घरगुती इन्व्हर्टर बॅटरीवर यायला जो क्षणभर वेळ घेतो तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो, मेन पीसीला वेगळा यूपीएस घ्याच, तो काही फार महाग नाही. पीसीच्या बोर्डवरचा छोटा सेल पण बदला, तो संपला की लाईट गेल्यावर घड्याळ जुन्या वर्षात जातं आणि त्या दिवशीच्या लसी त्या जुन्या तारखेनं चढतात, मग पुढची तारीख पण चुकते आणि चेकला यातलं काहीच दिसत नाही. अजून एक, एक्सप्रेसच्या २०२२ आणि त्याआधीच्या बऱ्याच आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे (२०२५ च्या आवृत्तीत ५० जीबी), एक्स-रेचे फोटो डेटाबेसमध्येच साठवत असाल तर ती भरते आणि नवीन नोंद होईनाशी होते. तो बिघाड नसतो, जागा संपलेली असते, फोटो बाहेर फोल्डरमध्ये हलवून घ्या.

प्रश्न: आमचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर नाही. जुन्या पीसीवर अ‍ॅक्सेसवर आहे, आणि मोबाईल अ‍ॅपमध्ये एसक्यूलाइट आहे असं बनवणारा म्हणाला. मित्राच्या दवाखान्यात मायएसक्यूएल आहे, अजून एकाकडे फायरबर्ड. याचं काय?
(कंधार)

उत्तर: कॉपी आधी, हे सगळ्यांना लागू. अ‍ॅक्सेसमध्ये कॉम्पॅक्ट अँड रिपेअर असतं, ते सगळे बाहेर पडल्यावरच चालवा, आणि फाइल २ जीबीच्या जवळ आली असेल तर रिपेअर करत बसू नका, दुसऱ्या डेटाबेसवर जायची तयारी करा. वाय-फायवरून शेअर केलेली अ‍ॅक्सेस फाइल दोघांनी उघडायची सवय असेल तर ती मोडा, मध्येच वाय-फाय तुटलं की फाइल जाते.

एसक्यूलाइटला प्रॅग्मा इंटिग्रिटी चेक ही कमांड चालवली की ओके असं उत्तर यायला पाहिजे, पण त्यात टेबलांमधली नाती येत नाहीत, त्यासाठी फॉरेन की चेक वेगळं चालवायचं. कॉपी करताना मुख्य फाइलच्या शेजारी त्याच नावाची डब्ल्यूएएल शेपटीची फाइल दिसली तर तीही सोबत घ्या, अगदी ताज्या नोंदी तिच्यातच असू शकतात. फाइल फारच बिघडली असेल तर रिकव्हर कमांड जेवढं वाचता येईल तेवढं नव्या फाइलमध्ये काढून देते.

मित्राला सांगा की मायएसक्यूएलची रिपेअर टेबल कमांड इनोडीबी टेबलांवर चालतच नाही, ती मायआयसॅमसाठी आहे (हे दोन्ही मायएसक्यूएलचे टेबल साठवायचे प्रकार). इनोडीबी बिघडलं असेल तर फोर्स रिकव्हरी (बिघाड असला तरी जबरदस्तीनं सुरू करायची सेटिंग) १ वर ठेवून सुरू करायचं, नाही जमलं तर एकेक पायरी वर जायचं आणि उघडलं की लगेच सगळा डेटा डम्प करून (फाइलमध्ये बाहेर काढून) नव्या ठिकाणी चढवायचा, ४ आणि त्याच्या पुढच्या पायऱ्यांनी डेटा कायमचा बिघडू शकतो म्हणून त्या फक्त कॉपीवर. फायरबर्डला त्याच्या जीफिक्स या टूलनं व्हॅलिडेट (तपासणी) करून बघायचं. त्यातलं मेंड हे वाईट नोंदी बाजूला टाकतं, भरून देत नाही, त्यामुळं मेंडनंतर जीबॅक या बॅकअपच्या टूलनं बॅकअप काढून नवीन डेटाबेसमध्ये रिस्टोअर करायचा आणि वर उदगीरच्या डॉक्टरांना सांगितली तशी नोंदींची मोजणी तिथंही करायची.